पायाळूचं पाणी

११ एप्रिल

पोचले एकदाची! लोक इथून परदेशी जातात. माझी गंगा उलटी. जन्म मस्कतचा, शाळा-कॉलेज तिथलंच, आणि आता सत्ताविसाव्या वर्षी नोकरीसाठी नागपूर. पासपोर्ट भारताचा असला तरी माझ्यासाठी परदेश हाच. शहराच्या कडेला वाडी नावाच्या भागात एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात मालाची आवकजावक बघायची आहे. खोली तिथून चालत दहा मिनिटांवर, देवराव आणि इंदूबाई या जोडप्याच्या घरामागे. मधल्या अंगणात त्यांची आटलेली विहीर, तिच्यावर लोखंडी झाकण.

या लेआऊटमध्ये (इथे नव्या वस्तीला लेआऊट म्हणतात) नळाची लाइन अजून आलेली नाही. टँकर दर चौथ्या दिवशी येतो, म्हणजे आला तर येतो. मस्कतला मी दात घासताना नळ सोडून गाणी म्हणायचे, हे इंदूबाईंना सांगितलं तर त्या देवासमोर हात जोडतात तसे जोडून बसल्या. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलंय.

१६ एप्रिल

टँकर आला! पाइप कोणाच्या ड्रममध्ये आधी, यावरून दोन बायका हमरीतुमरीवर आल्या आणि पाणी संपल्यावर त्याच दोघी हसत पापड वाळत घालायला बसल्या. मावशींनी मला घमेल्यात उभं राहून अर्ध्या बादलीत अंघोळ करायला शिकवलं. ते पाणी मग फरशीला, तिथून संडासात. मी पास झाले. आईला फोनवर इतक्या अभिमानानं सांगितलं की ती म्हणाली, एमबीएच्या वेळीही एवढी मिरवली नव्हतीस.

संध्याकाळी मावशींनी माझ्या केसांना तेल लावलं. त्यांना मूलबाळ नाही. जपून राहाजो, म्हणाल्या, तू आता मले पोरीसारखी. मला आईची आठवण आली आणि मी सरळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

२१ एप्रिल

आज मी डॉक्टर झाले. ड्रम सरकवताना देवरावकाकांच्या कमरेत उसण भरली, माणूस धनुष्यासारखा वाकलेला. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. आमच्या साताऱ्याच्या आजीच्या मते पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण पळते. हसत हसत काकांच्या पाठीला तीनदा पाय लावला, आणि ते खरंच ताठ उभे राहिले! सगळे हसलो. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. खरंच पाय पहिले आले होते का वं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग तांब्यातलं पाणी घेऊन माझे पाय धुतले. पाणी इतकं महाग असताना!

२४ एप्रिल

लेआऊटच्या कोपऱ्यावरची हापशी सात वर्षं मेलेली आहे. मावशी मला तिथं घेऊन गेल्या, अनवाणी उभं राहून दांडा मारायला सांगितलं. बारा-पंधरा वेळा नुसती खरखर. मग पाणी. आधी लाल, मग स्वच्छ. शेजारच्या प्रेमिलाताई तर रडायलाच लागल्या. सगळ्यांनी मिळून माझी ओटी भरली, हिरवी साडी दिली. आयुष्यात मला इतकं कोणी डोक्यावर घेतलं नव्हतं. लाज वाटली, पण आवडलंही.

३० एप्रिल

पारा पंचेचाळीसवर, पण घरोघरी कूलर सुरू आहेत कारण हापशी चालू आहे. फक्त माझे पाय वाळत नाहीत. पुसले तरी पाच मिनिटांत तळवे ओले. गोदामाच्या फरशीवर माझी पावलं उमटतात आणि हमाल ती ओलांडून जातात. कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलीय. आणि तहान! दिवसाला तीन बाटल्या पिऊनही जीभ टाळूला चिकटते. मावशी म्हणतात, उन्हाळ्यानं होऊन राहिलं.

५ मे

शनिवारी ऑफिसातल्या हर्षाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला नंदनवनला, राहायला गेले. रात्री पाय कोरडे झाले. गाढ झोपले, तहान नाही.

आज परत आले तर फाटकाशी पंधरा-वीस माणसं पाण्याचे रिकामे गुंड-कळशा घेऊन उभी. हापशी काल संध्याकाळपासून बंद होती. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त वाट दिली, हापशीपर्यंतच. देवरावकाका म्हणाले, कुठी जाऊ नको पोरी, तुह्याच भरवशावर हाये सारं. मी दांडा मारला. पाणी आलं.

८ मे

बॅगेतून पासपोर्ट गेला. फोनही.

गोदामात गेले तर साहेब म्हणाले, तुमच्या काकांनी कालच कळवलंय की तुम्ही काम सोडलं. माझे काका! ज्यांच्या पाठीला मी पाय लावला ते! बाहेर काका स्वतः स्कूटर घेऊन उभे. शेजारचे दोन पुरुषही. मी मुकाट मागे बसले. काय करणार होते?

मावशी माझ्या गळ्यात पडून रडल्या. पुरुषांनी ठरवलं, माहं कोण ऐकते, म्हणाल्या. त्या एकट्याच माझ्या आहेत इथं.

१० मे

दाराला बाहेरून कडी. दिवसातून दोनदा हापशीवर नेतात, दोन्ही बाजूला बाया. पाणी कमी होत चाललंय. माझे ओठ फुटलेत.

अंगणात जमिनीखालचं पाणी शोधणारा एक पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ ठेवून फिरला. विहिरीपाशी नारळ उभा राहिला. मी खिडकीतून ऐकत होते. पायाळूचे पाय विहिरीच्या तळाला लागले पाहिजेत, म्हणे. मग हापशी नको, टँकर नको, झरा कायमचा. पुढचं तो हळू बोलला. काकांनी मान हलवली. मावशींनीही — नाही, मावशी नुसत्या पदर सावरत होत्या.

११ मे

झाकण काढलं. आत कोरडी. वीस-पंचवीस फूट.

ओढत नेतील मला. ओरडेन. पण कूलर एवढे मोठ्यानं चालतात की—

१२ मे

मावशी जेवण घेऊन आल्या, कानात बोलल्या. उद्या भर दुपारी सारे जेवायले बसतात, तवा मी तुले काढून देतो. मागच्या गल्लीत ऑटो सांगून ठेवला हाये. पासपोर्ट त्यांच्या पदराच्या गाठीत, स्वतः दाखवला. मी त्यांचे हात डोळ्यांना लावले. आई भेटली की तिला पहिलं हेच सांगेन.

१३ मे, दुपार

हातावर दहीसाखर ठेवली त्यांनी. वही-पेन पिशवीत, पिशवी खांद्याला. अंगणात पोचलो आणि काकांचा आवाज आला. मावशी घाबरल्या. लप, म्हणाल्या, विहिरीत शिडी हाये, दोन मिनिटं लप. मी लपले. भराभरा उतरले. स्वतः. कोणी हात लावला नाही मला.

शिडी वर गेली.

वरून मावशींचा आवाज. काकांना सांगत होत्या, उतरली हो, आपल्या पायानं उतरली, कोनी लोटलं नाही. पाणाड्यानं हेच सांगितलं होतं वाटतं. लोटली तर चालत नाही. म्हणून ऑटो. म्हणून पासपोर्ट. म्हणून दहीसाखर—

मी ओरडले. मावशी, मावशी म्हणून ओरडले. अजूनही मावशीच म्हणते.

तळवे चिखलात. आता घोटे.

खाली काहीतरी ओढतंय पाण्याला, माझ्यातून. तोंड इतकं कोरडं की आवाज नाही. वाकून प्यायले. तहान जात नाही. गुडघे.

वही डोक्यावर धरून—

वर सगळे आलेत. कोणी टाळ्या वाजवतंय. इंदूबाई वाकून बघतायत, डोळ्यांत खरंच पाणी आहे त्यांच्या. मायेनंच बोलतात, केसांना तेल लावताना बोलायच्या तशा. हालू नको वं पोरी, पाय तसेच ठेव, थोडंसंच राहिलं, आता तुह्या कंबरेपर्यंत आलं की मी सोता तुले वर काढ—