उसनं नाव

४ नोव्हेंबर २००३, ओफाकिम, इस्राएल

"नाव माझंच ठेवलंय हिला, पण उसनं हं! काम झालं की परत नेईन." माझ्या बारशाला पाळण्यात वाकून, माझ्या कानात कुर्र करून झाल्यावर आत्या असं म्हणाली होती. आई दर वाढदिवसाला हे हसत सांगायची. आज आत्याच्या दाराचं कुलूप काढताना मलाही हसू आलं. पाटीवर हिब्रूत माझंच नाव, शुलामिथ पेणकर.

आत्या सप्टेंबरात गेली. लग्न केलं नव्हतं, वारस मी एकटी. ठाण्याची भाड्याची खोली सोडून त्रेचाळिसाव्या वर्षी मी कायमची इथे आले. दोन खोल्या, मागे कढीलिंबाचं झाड, फडताळात आमसुलांची बरणी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर! शेजारच्या येमिमामावशी पोहे घेऊन आल्या. अलिबागहून येऊन चाळीस वर्षं झाली, पण बोली तीच. "आलीस गो बाय? वरी करू नको आता. पण सेम आत्या दिसतेस मेली, घाबरलेच मी!"

९ नोव्हेंबर

कोर्टाचा वारसा-आदेश मिळेपर्यंत घर माझं नाही. मावशींना घेऊन कचेरीत गेले. आत्याच्या मृत्यूचा दाखला, माझं ओळखपत्र, दुसरा वारस नसल्याचं प्रतिज्ञापत्र, मग वर्तमानपत्रात नोटीस. दोन आठवड्यांत कुणी हरकत घेतली नाही तर पुढे.

खिडकीत ओरिट नावाची मुलगी होती. आजी-आजोबा आमच्यासारखेच कोकणातले ज्यू. मावशींचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिब्रूत. दोन्ही कागद शेजारी ठेवून ती हसायला लागली. नाव एक, आडनाव एक, वडिलांचं नावही मेयर. आजोबा लवकर गेले होते, म्हणून आत्याच्या पासपोर्टावर पालक म्हणून तिच्या भावाची, माझ्या बाबांची, सही होती. मुंबईच्या कारकुनानं त्यांनाच तिचे वडील करून टाकलं. ओरिट म्हणाली, यातली मेलेली कुठली लिहू? मावशी म्हणाल्या, "हिला चार दिस जेवू-खाऊ दे, मग मार!" आम्ही तिघी हसलो. ओळखपत्रांचे नंबर वेगळे आहेत, त्यामुळे अडचण येणार नाही म्हणे.

१८ नोव्हेंबर

नोटीस छापून आली. गेलेल्या माणसाच्या नावापुढे इथे झयिन आणि लामेद अशी दोन अक्षरं लावतात, आपल्याकडच्या 'कै.'सारखी. आत्याच्या नावापुढे ती नाहीत. खाली वारसाच्या नावापुढे आहेत.

ओरिटनं फोनवर माफी मागितली. छापणाऱ्याची चूक, दुरुस्त करते.

माझ्या सामानात आत्याचं जुनं पत्र सापडलं. दहा वर्षांची असताना मी तिच्याकडे दुसरं नाव मागितलं होतं, त्याचं उत्तर. 'एका मुलीचं बारसं दोनदा होत नसतं.'

२५ नोव्हेंबर

दवाखान्यात गेले होते. माझं ओळखपत्र बघून नर्स म्हणाली, या नंबरची बाई सप्टेंबरात वारली. मग दुसरी फाइल काढली, आत्याची. ती चालू आहे. गुरुवारी तपासणीला बोलावलंय.

सप्टेंबरात मी ठाण्यात होते. बँकेत रांगेत उभी असलेली आठवते. आठवते का नक्की?

३ डिसेंबर

कचेरी. अर्ज बदललाय. मयत: भाची. वारस: आत्या. खाली सही आत्याची, तिरपी, परवाच्या तारखेची. मी म्हटलं, ही जिवंत उभी आहे मी. ओरिटनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे बघून विचारलं, पुढची कोण?

मागे कुणीच नव्हतं. तरी ती कुणाशी तरी हसून बोलत राहिली—

७ डिसेंबर

भरदुपारी मावशी आल्या. उकडलेली अंडी आणली, सुतकाच्या घरी आणतात तशी. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत रडल्या. "रडू नको गो शुलामिथ. भाचीचं तेवढंच होतं. घर बघायलाबी नाय आली बिचारी."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी पदर झटकला, माशी बसल्यासारखा.

मागून कुणीतरी म्हणालं, बस येमिमा, चहा टाकते—

८ डिसेंबर

पाटीवरचं नाव वाचता येत नाही. या वहीवरचंही. अक्षरं दिसतात, पण माझी—

९ डिसेंबर

आत्या,

तू स्वयंपाकघरात आहेस. भांडी वाजतायत.

नाव ने. तुझंच होतं. घरही ने. पण मला असं नुसतं नको गं ठेवूस. दुसरं एखादं नाव दे. कुठलंही. दुसरं कुणी ठेवून चालायचं नाही, नाव आत्यानंच ठेवायचं असतं—

तू नाहीच म्हणणार. ठाऊक आहे. पत्रात लिहिलंच होतंस.

तरी एकदा. इकडे ये, वाक, कानात कुर्र कर, आणि म्हण—