इर्जिकीचा बूस्टर

उत्रोली,
आषाढाचा शेवटचा आठवडा

श्री. धनाजीराव व्याहीबुवा यांना हनुमंतचा मनापासून रामराम.

गुंजवण्याला आपण सगळे खुशाल असाल. सूनबाई स्नेहल आणि आपली नात दोघी ठणठणीत असल्याचं आमच्या स्वरूपकडून कळलं. नातीनं आजोबांचं नाक घेतलंय, असंही तो म्हणाला. कोणत्या आजोबांचं ते त्यानं सांगितलं नाही, पण फोटो पाहिल्यावर मला शंका उरली नाही. इकडे मीही बरा आहे. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर खोकला ऐकू जातो.)

बारशाला बाळ मांडीवर घ्यायचं तर कोरोनाचा बूस्टर घेतलेला हवा आणि घरी केलेली चाचणी चांगली यायला हवी, ही तुमची अट मला मुळीच लागली नाही. मुलाकडचा आजोबा आहे, पहिलीच नात आहे, तरी लागली नाही. उलट दुसऱ्याच दिवशी मी आरोग्य उपकेंद्रात हजर. तिथल्या नूतन सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, बाटली फोडली की दहा जणांस्नी द्यावी लागती. एकट्यासाठी न्हाई फोडता यायची. आणखी नऊ जण आणा." आता ऐन लावणीत चिखलात उभ्या असलेल्या माणसाला सुई टोचून घ्यायला बाहेर काढायचं म्हणजे काय, हे तुम्ही शेतकरी असल्यामुळे जाणता. त्यात साथ ओसरल्यापासून बूस्टर म्हटलं की लोक नुसते हसतात.

शेवटी मी इर्जिक घातली. ज्याचं शेत त्यानं राबायला आलेल्यांना जेवण घालायचं, ही रीत तुमच्याकडेही आहे. इथं शेताऐवजी माझा दंड, एवढाच फरक. आखाड चालू होता, बोकड सांगितला, आणि सकाळी बोलावणं न धाडता माणसं नजीरच्या टेम्पोत चढून बसली. एकानं विचारलं, "सुई आदी का जेवान आदी?" सुई आधी म्हटल्यावर दोघं उतरायला निघाले, त्यांना दंडाला धरून बसवलं.

उपकेंद्रात आमचा चुलतभाऊ ज्ञानू तेवढा गळाला. तो वाटभर शिंकत होता, म्हणून सिस्टरांनी त्याला बरा झाल्यावर ये म्हणून सांगितलं. दहावा माणूस कमी पडला, तेव्हा नजीरलाच स्टेअरिंगवरून उठवून आत नेलं. (त्याचाही डोस राहिलेला होता. बोकड त्याच्या चुलत्यानंच कापलेला असल्यामुळे जेवणालाही त्याची हरकत नव्हती.) ज्ञानूला सुई मिळाली नाही, तरी पहिल्या पंगतीला तो सगळ्यांच्या आधी बसला. म्हणाला, "सुई न्हाई तर न्हाई दादा, निदान रस्सा तरी." बाहेर पाऊस, म्हणून पंगत पडवीत, दारंखिडक्या लावून, आणि ज्ञानू नेमका माझ्या शेजारी. जेवत्या माणसाला ताटावरून ऊठ म्हणणं आपल्यात होत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत मला ताप आला. भोरहून चाचणीची किट मागवली. एक रेघ आली तर माणूस मोकळा, दोन आल्या तर कोरोना. दोन आल्या. आमच्या सगुणाबाईंचं म्हणणं पडलं की देवाला कौल लावतानासुद्धा पहिल्यांदा डावा आला तर गुरव पुन्हा विचारतो, तुम्ही नीट विचारलं नसेल. मी पूर्वेकडे तोंड करून, हात जोडून पुन्हा नाकात काडी घातली. दोन. या खेपेला दुसरी रेघ जास्तच ठसठशीत. मग सगुणाबाईंनी स्वतःचं नाक पुढं केलं. एकच रेघ! पंगतीला रस्सा वाढत ज्ञानूच्या पुढून चारदा गेलेली बाई, आणि एक रेघ.

तेव्हा बारसं ठरल्या दिवशीच करावं. माझ्यासाठी खोळंबू नये. नाव आत्या ठेवणार, पाळणा बायका म्हणणार, आजोबांचं तिथं काय काम? फक्त तिला एकदा मांडीवर घ्यायचं मनात होतं. आमचा स्वरूप झाला तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं मूल उचलायचं नाही अशी रीत होती. मग तो चालायला लागला आणि ते राहूनच गेलं. म्हणून या खेपेला जरा वाईट वाटलं, दुसरं काही नाही.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
हनुमंत

ता. क. बारसं आठ-दहा दिवस पुढं गेलं तर आमची ना नाही, एवढं कळवून ठेवतो. श्रावणात कार्य जास्त शोभतं.

आणखी ता. क. सगुणाबाई आजच स्वरूपच्या मोटारसायकलवर बसून तिकडे निघाल्यात. विहीणबाई म्हणून त्यांना पाय धुवायला गरम पाणी द्यावं, पण अंगणातच. कोरोनाच्या घरातून आलेल्या माणसाच्या एका रेघेवर विसंबू नये, काही दिवसांनी पुन्हा चाचणी करावी, असं नूतन सिस्टर म्हणाल्या. (विचारलं मीच.) तोवर बाळ त्यांच्या मांडीवर देऊ नये. यात माझं नाव येऊ देऊ नका. अट तुमचीच आहे असं सांगा, लगेच पटेल.

शेवटचं. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. काळजी नसावी, त्यांचा चष्मा माझ्या खिशात आहे.