घंटांचं काय ते कळव

हेरफर्ड, ५ सप्टेंबर

ती. हेस्टर आत्यास,
जागोचा सा. न. वि. वि.

सफरचंदं तोडायला इथं आलोय. शिडीवर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. इथला एक बोका रोज माझा डबा हुंगतो, त्याची गंमत नंतर.

आत्या, डोकं फिरलंय माझं. एमरिसचं नि माझं लग्न नोंदणी कचेरीत झालं, दोन पुरुषांचं लग्न चर्चमध्ये लावतच नाहीत, पण आशीर्वाद आपल्या गावच्या चर्चमध्येच हवा. आईला तिथंच पुरलंय ना. पाद्री पार्डो म्हणाले, आशीर्वाद देईन, पण रविवारच्या नेहमीच्या उपासनेत, चर्चच्या सूचना वाचून झाल्या की. लग्नासारखं काही दिसता कामा नये म्हणे. अंगठ्या नकोत, फुलं नकोत, जोडीनं चालत येणं नको. मी विचारलं, शेजारी बसलो तर चालेल का? तर वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले! आणि लग्नाच्या घंटा तर मुळीच नाहीत.

आईबाबा लग्न लागून चर्चच्या दारातून बाहेर पडले तेव्हा घंटा तूच वाजवल्या होत्यास. घंटाघर आजही तुझ्याच ताब्यात आहे. तुला एमरिस पसंत नाही, ठाऊक आहे. पण घंटा नसतील तर मी येतच नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा जागो

कूंबली, ११ सप्टेंबर

चि. जागोस अनेक आशीर्वाद.

शिडीवर बसून पत्र लिहिणारा गाढव आपल्याच घरात निघायचा!

तुमचं हे लग्न मला पचलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण पार्डोचं वागणं त्याहून पचत नाही. हो तर हो म्हण, नाही तर नाही. हा माणूस दार अर्धं उघडून मधेच उभा! काल घंटाघरात येऊन मलाच बजावून गेला की लग्नाच्या घंटा नकोत. मी विचारलं, रविवारच्या नेहमीच्या तरी वाजवायच्या ना? त्या कोण अडवणार, म्हणाला.

आता ऐक. पाचव्या घंटेचा दोर झिजलाय. तो मी तुमच्या रविवारी सकाळीच बदलायला घेणार. म्हणजे उपासनेआधीच्या नेहमीच्या घंटा त्या दिवशी उपासना सुटल्यावर वाजतील. नेमके तेव्हाच कोणी दोघं दारातून बाहेर पडले, तर त्याला मी काय करू?

केस कापून ये. माया आहेच, पत्रागणिक ती लिहायची मला सवय नाही.
हेस्टर आत्या

ता. क. चर्चची फरशी गार असते. तुझे मोजे विणून झाले. एमरिसच्या पायाचं माप कळव.