'पडद्याची गुलामी' आणि पंधरा पिना

२ जानेवारी
डोंबिवलीच्या व्याख्यानमालेत यंदाही शेवटचं पुष्प माझं. अठरा तारीख. विषय: 'पडद्याची गुलामी'. कार्यवाह गोपीनाथराव फोनवर चाचरत म्हणाले, गेल्या वर्षी लोक मधेच उठून गेले, यंदाही तसंच झालं तर समिती नवा वक्ता बघेल, तेव्हा स्लाइड्स असल्या तर बरं. म्हणजे या लोकांना आता कान पुरत नाहीत. ठीक. ऐंशी करतो.

४ जानेवारी
कॉम्प्युटरला व्हिडिओ कार्ड बसवून घेतलं. दुकानदाराने विचारलं, गेम खेळता का काका? दहा मिनिटं सुनावलं.

५ जानेवारी, सकाळी ७
केबल स्वतः जोडली. काय फरक! अक्षरं कोरल्यासारखी. आमची सौ. हेमा म्हणाली, कालच्यासारखंच दिसतंय. संसारात माणसाची नजर मरते.

९ जानेवारी
रसिका आली. कन्यारत्न. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हार्डवेअर बघते. मागे वाकून म्हणाली, केबल मदरबोर्डलाच लावलेली आहे, चित्र जुनीच चिप काढतेय, कार्ड नुसतं बसून आहे. "बाबा, पाच दिवस कौतुक कोणाचं चाललेलं?"
तुलनेसाठी मुद्दाम तसं ठेवलं होतं, असं सांगितलं.

१२ जानेवारी
सभागृहातला प्रोजेक्टर जुनाट. त्याला निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची व्हीजीए केबल लागते. माझं कार्ड एचडीएमआयचं. रसिकाच्या मते मध्ये चिपवाला कन्व्हर्टर हवा. या पिढीला दोन यंत्रांमध्येही मध्यस्थ लागतो! बाजारात साधी केबल मिळते, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. घेतली. रसिका व्हीजीएचं तोंड असलेला जुना लॅपटॉप देत होती. नाकारला.

१५ जानेवारी
केबल घरी तपासता येत नाही, कारण व्हीजीएचा मॉनिटर नाही. तपासायचं तरी काय त्यात?
निश्चय: यंदा पाठांतर नाही. मुद्दे सगळे स्लाइड्सवर.

१९ जानेवारी
काल सीपीयू मांडीवर घेऊन कोलशेतच्या घरून रिक्षाने डोंबिवलीला गेलो, रसिका सोबत होती. केबल दोन्हीकडे चपखल बसली. पडद्यावर 'नो सिग्नल'. वीस मिनिटं काढली, घातली, फुंकली. तसाच बोलायला उभा राहिलो. एक मुद्दा आठवला. तो दोनदा सांगितला. मागच्या दोन रांगा उठल्या.
गोपीनाथरावांनी घाईघाईने रसिकाला विचारलं, नक्की बिघडलंय काय? तिने माइकच घेतला.
"कार्ड सेकंदाला साठ वेळा अख्खं चित्र आकड्यांत लिहून पाठवतंय. प्रोजेक्टरला आकडे वाचता येत नाहीत. त्याला विजेचे चढउतार कळतात. म्हणजे बाबा स्वरलिपी पाठवतायत आणि त्याला गाणं ऐकायचंय. मध्ये गाणारा लागतो. तो बाबांनी घेतला नाही."
हशा. उठलेले परत बसले. मग प्रश्न: घरचा टीव्ही धूसर का, महागडी केबल घ्यावी का. चाळीस मिनिटं! याला व्याख्यान म्हणतात? मी सीपीयूवर हात ठेवून शेजारी बसलो होतो.

२२ जानेवारी
गोपीनाथरावांचा फोन. पुढच्या वर्षी शेवटचं पुष्प रसिकाचं. मला विसरलेले नाहीत: आभारप्रदर्शन माझ्याकडे, पाच मिनिटं. वक्तृत्वाची खरी कसोटी तिथेच असते. श्रोते चपला शोधत असताना त्यांना धरून ठेवणं येरागबाळ्याचं काम नाही. तत्काळ होकार दिला.
मग विचारलं, आभार कोणाचे मानायचे?
म्हणाले, वक्त्यांचे.