तुह्या जागी वहिनी

दादा,

मुंबईच्या बंदरावरची जंगी जहाजं पाह्याले आपण दोघं भाऊ जाणार होतो. सकाळी उतरायचं, जहाजं पाह्यची अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस निघायचं, हे तूच ठरोलं होतं. आता तुह्या जागी वच्छलावहिनी येऊन रायली.

"मलेही तोफा पाह्यच्या हायेत," एवढंच बोलली होती वहिनी, तं तू बंडीच्या बाजूचा दांडा, उभारी, उपसून तिचा हात मोडला. कापसाले भाव आल्यापासून तुहा हात लई चालते. मोडला हात गळ्यात बांधून आपली शिदोरी तिनंच केली.

जहाजं पाहून झाली का तिले तिच्या भावापाशी सोडतो. तो तिथंच बंदरावर गासड्या चढोते. मी एकटाच वापस येईन. तू आमच्या मांगं अकोल्याच्या टेसनावर आला तं तीच उभारी तुह्या डोक्शात घालीन. संगं घेऊनच चाललो.

तुले वाचता येत नाई. गावात वाचणारे एक मोरोपंत कुळकर्णी, अन् ते चावडीवर बसतात. म्हून बोललो नाई, लिवून ठेवलं.

पंत, जरा मोठ्यानं वाचा. मांगं बसलेल्यायलेही आयकू गेलं पायजे.

— दशरथ