चोवीस कोअरचा हत्ती

३ मार्च, सोमवार

आजचा दिवस लक्षात राहील. ऑफिसने मोडीत काढलेला सर्व्हर घरी आणला. स्टोअर सांभाळायचा एवढा तरी फायदा असावा. उचलायला मी आणि वॉचमन. वॉचमन जास्त.

प्रोसेसर चोवीस कोअरचा, म्हणजे आत चोवीस कामगार. बायकोचा लॅपटॉप जुनाट, दोन कोअरचा. सासऱ्यांनी तिला नोकरी लागली तेव्हा घेऊन दिलेला. चोवीस भागिले दोन. तुलना इथेच संपते.

२३ तारखेला सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. दिवंगत सासऱ्यांच्या जुन्या व्हिडिओंची फिल्म करून दाखवायचं मी सगळ्यांसमोर कबूल केलंय. मेहुणा म्हणत होता, भावजी, स्टुडिओला देऊ. मी म्हटलं, घरात जावई असताना?

संकल्प: १५ तारखेला फिल्म तयार. नंतर लॅपटॉप मोडीत.

४ मार्च

सर्व्हर सुरू केला. आवाज आहे थोडा. शेजारच्या काकू विचारायला आल्या, बोअर मारताय का.

सुरू व्हायला वेळ लागतो. आधी स्वतःची तपासणी करतो. मोठी माणसं हाक मारली की लगेच उठत नाहीत. तेवढ्यात एक नोंद करून घ्यावी म्हणून ही रोजनिशी लॅपटॉपवर लिहितोय. तात्पुरती.

६ मार्च

पडद्याची वायर बसेना. स्टोअरमधून जुना मॉनिटर आणला. चित्र आलं! आवाज नाही. सर्व्हरला स्पीकरची सोयच नाही म्हणे, म्हणून माझा फिल्मचा प्रोग्राम आवाज गाळूनच टाकतो. बायको म्हणाली, की बाबा हसायला लागले की तिसऱ्या घरी कळायचं, आणि त्यांची फिल्म मुकी?

ही वृत्तीच मला पटत नाही. आधी चित्र, मग आवाज. सिनेमाही असाच आला.

८ मार्च, शनिवार

शास्त्रशुद्ध तुलना. दोन्ही मशीनवर एकच क्लिप: सासरे सायकलवरून पडतात आणि पडल्या पडल्या हसतात. दोन्हीकडे एकदम बटण दाबलं.

लॅपटॉपचं काम चहा उकळेपर्यंत झालं. सर्व्हरचं माझी आंघोळ झाल्यावर.

सर्व्हर घरात नवीन आहे, बुजला असणार. निकाल: अनिर्णित.

९ मार्च

फेरचाचणी. लॅपटॉपला उगाच मोकळं सोडलं होतं, म्हणून आज त्यावर बायकोच्या शाळेचे सगळे निकाल उघडून ठेवले, वर गाणी लावली. तरी तोच आधी. बायको मध्येच हसल्यामुळे चाचणी रद्द.

११ मार्च

कारण सापडलं. माझा फिल्म जोडायचा प्रोग्राम जुना आहे, तो एकाच कोअरला कामाला लावतो. बाकीचे तेवीस बसून. आमच्या ऑफिससारखंच. त्यातून सर्व्हरचा एकेक कोअर अंमळ सावकाश. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भागच दिलेला असतो. सर्व्हरला नाही, कारण सर्व्हरसमोर बसून कोणी सिनेमा बघत नाही.

म्हणजे लॅपटॉप रडीचा डाव खेळत होता!

बायकोला समजावलं. ती म्हणाली, की स्वयंपाकघरात चोवीस माणसं आणली आणि शेगडी एकच असली, तर भात लवकर शिजतो का? हिला तांत्रिक विषयात कशाला ओढलं असं झालं.

१३ मार्च

आंघोळ करताना सुचलं! फिल्मचे चोवीस तुकडे करायचे, प्रत्येक कोअरला एक. कोणी रिकामं बसायचं नाही. इतकं सोपं कोणाला कसं सुचलं नाही?

बायकोने विचारलं, जोडणार कोण? नकारघंटा.

१५ मार्च, शनिवार

फिल्म तयार नाही, पण तुकडे तयार आहेत. तत्त्वतः संकल्प पूर्ण.

१६ मार्च

चोवीसही तुकडे एकदम चालू केले. काय ते दृश्य! सगळे कोअर राबतायत, खोली तापली, खिडकीची काच थरथरतेय. बायकोने इस्त्री लावली आणि फ्यूज उडाला. तुकडे गेले.

चूक इस्त्रीची. तसं बोललो नाही. हातात इस्त्री तिच्या होती.

१८ मार्च

मेहुण्याचा फोन. म्हटलं, शेवटचा हात फिरवायचा बाकी आहे. मग सासूबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, जावईबापू, घाई करू नका, पण एक सांगते. यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, हसणं मात्र आता नीट आठवत नाही. तेवढं ऐकवा.

हो म्हटलं. नंतर जेवण गेलं नाही. खूप वाईट वाटलं, खरंच. मुकी फिल्म घेऊन मी जाणार कुठल्या तोंडाने?

संकल्प: उद्यापासून झपाट्याने.

२० मार्च

बारीक ताप. काम बंद. बायको शाळेतून आल्यावर लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसते. निकालाचं काम असेल. निकाल लावताना कोण एवढं हसतंय, असं वाटलं. आवाज पुरुषाचा होता. तापात भास होतात.

२२ मार्च, शनिवार

तुकडे पुन्हा करून जोडले. क्रम जरा चुकला. सासरे आधी म्हातारे होतात, मग त्यांचं लग्न होतं, शेवटी ते सायकल शिकतात. आवाज नाहीच. बायको म्हणाली, राहू दे आता, उद्या लवकर निघायचंय. इतक्या प्रेमाने म्हणाली, की संशय यायला हवा होता.

२३ मार्च, रविवार

फिल्म दाखवली. बायकोने केलेली. लॅपटॉपवर, चार संध्याकाळींत. सायकलवरून पडून सासरे हसले आणि सगळी खोली हसली. सासूबाईही हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाल्या, पुन्हा लावा. तीनदा लावली. शेवटी पाटी आली: 'निर्मिती: जावईबापू'. मेहुण्याने उठून हात मिळवला. मी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

निघताना सासूबाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, यांनी घेऊन दिलेला लॅपटॉप अजून चालतो, बरं वाटलं हो. त्याला जपा. आणि लेकीलाही.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी मान खाली घालून हो म्हटलं. रस्त्यात बायकोला म्हटलं, छान केलीस. एवढंच जमलं.

लॅपटॉप मोडीत काढायचा बेत रद्द.

घरी आलो तर सर्व्हरच्या पाठीमागे, जिथून गरम हवा येते तिथे, बायकोने सकाळी माझे ओले मोजे टांगलेले. कडकडीत वाळले होते. म्हणजे यंत्रात दम आहे, काम योग्य मिळायला हवं. संकल्प: उद्या दोन्ही मशीनवर शास्त्रशुद्ध मोजे वाळवून बघणार.

लॅपटॉपचा इथे टिकाव लागणं शक्यच नाही.