मुंग्यांशी बोलणारे बाबूजी

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही. एकच आठवतो, मुंग्यांना हाक मारतानाचा. सकाळी अंघोळ झाली की खांद्यावर पंचा टाकून तुम्ही सिंदी गावातल्या आपल्या घराच्या मागच्या आवारात यायचा आणि तुम्ही मला दिलेली पितळेची वाटी धरून मी तुमच्या मागे. वाटीत कणीक आणि पिठीसाखर. निंबाच्या बुंध्याशी, न्हाणीच्या पायरीखाली, कुंपणाच्या दगडांत, जिथे जिथे मुंग्यांचं बीळ असेल तिथे तुम्ही चिमटीने पीठ सोडायचा आणि म्हणायचा, "या वं माय, या. भूक लागली असंन." शाळेत जाण्याआधी मी अक्षरं तिथेच शिकले. तुम्ही पिठाने जमिनीवर अ काढायचा, मी त्याखाली माझा वेडावाकडा अ काढायची, आणि जरा वेळाने मुंग्या येऊन दोन्ही अ कणाकणाने उचलून न्यायच्या. "पाह्य," तुम्ही म्हणायचा, "तुया अक्षर अन् माया अक्षर तिले येगळं नाई. तिच्यात जो बसला हाय तोच तुयात बसला. एकाले दुखवलं का साऱ्याइले दुखते." मला ते इतकं खरं वाटलं की मी आवारात टाचा उचलून चालायला लागले. उशीत तोंड खुपसून झोपायची, आपल्या श्वासानेसुद्धा कोणी मरू नये म्हणून. तुम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. दुकानात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना तुम्ही ते सांगायचा. मला मात्र त्या वयात धड झोप लागत नसे.

दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या ओसरीवर भजन व्हायचं. खंजिरी वाजायची, मग तुम्ही थोडं बोलायचा, मग आई आतून चहा पाठवायची. त्या गुरुवारी तुम्ही मुंग्यांवरच बोलत होतात. कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा शेतकरी, ज्याच्या गाडीतल्या कापसात तुम्ही सकाळीच कोपरापर्यंत हात घालून ओल शोधली होती, हसत म्हणाला, "शेटजी, पुढचा जनम तुमच्या आवारातल्या मुंगीचा भेटला तं बरं होईन बाप्पा. साखर भेटते अन् वरून शेटजी गोड बोलते." सगळे हसले. तेवढ्यात आतून, चहाची गाळणी आपटत, आईचा आवाज आला, "मुंगीचाच मांगजो भाऊ. बायकोचा नोको मांगू." ओसरी हसून हसून लोळली. तुम्हीही हसलात. तुमचे हलणारे खांदे मला दिसत होते, आणि आईला नवऱ्याला हसवल्याचा केवढा आनंद झाला होता, तेही दाराच्या फटीतून दिसत होतं. ती तोंडाला पदर लावून उभी होती. इतकी तरुण मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात. आई ताट वाढून समोर उभी होती. तुम्ही एक घास घेतलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "तुया आईले सांग, वरणात मीठ नाई." मला वाटलं, खेळ आहे. मी वळून आईला म्हटलं, "आई, वरणात मीठ नाही." आईलाही वाटलं असेल. ती हसत म्हणाली, "सांग त्याइले, मिठाची वाटी त्याइच्या ताटाजोळच हाय." मी वळून सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. आई अजून हसतच होती, आणि मग तिचं हसू कसं थांबलं ते मी पाहिलं. एकदम नाही थांबलं. तव्याखालचा जाळ काढल्यावर तवा थंड होत जातो तसं थांबत गेलं. त्यानंतर तुम्ही तिच्याशी एक शब्दही बोलला नाहीत. आठवडा गेला, दिवाळी गेली, माझी इयत्ता बदलली. सणाला, आजारपणाला, तिचा भाऊ आंजीला, तिच्या माहेरी, वारला तेव्हासुद्धा, "तुया आईले सांग, गाडी जुपली हाय." ती तुमच्यापासून हातभर अंतरावर रडत होती.

आणि रोज सकाळी तुम्ही मुंग्यांशी बोलायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच सर्वांत मोठं बीळ होतं. आई आत भाकरी थापत असायची आणि बाहेर तुम्ही म्हणायचा, "या वं माय, भूक लागली असंन." तिला ते ऐकू जायचं हे तुम्हाला ठाऊक होतं का, हे मला पुष्कळ वर्षं ठरवता येत नव्हतं. आता येतं. त्या बिळाशी तुम्ही जास्त वेळ थांबायचा.

मला सुरुवातीला अभिमान होता, बाबूजी. घरातली दोन मोठी माणसं माझ्याशिवाय एक पेला पाणी मागू शकत नव्हती. पण तुम्हीच मला शिकवलं होतं की एकाला दुखवलं की सगळ्यांना दुखतं, आणि मी ते शब्दशः धरून बसले होते. तुमचं बोलणं माझ्या तोंडातून जाऊन आईला लागतं, म्हणजे ते मीच लावते, आणि म्हणजे ते निंबाखालच्या मुंगीलाही लागतं, असा माझा हिशेब होता. म्हणून मी निरोप बोथट करायला लागले. तुम्ही म्हणायचा, "सांग तिले, असं जनावरंही खात नाई," आणि मी आत जाऊन सांगायची, "बाबूजींना आज भूक नाही." ती म्हणायची, "सांग त्याइले, उपाशी मरा मनाव," आणि मी सांगायची, "आई म्हणते, थोडं तरी खा." मला वाटायचं, माझ्यामुळे घर तगून आहे. मग एकदा तुम्ही दाराआड उभे राहून ऐकलंत. माझा दंड धरून मला चुलीसमोर उभं केलंत. रागावला नाहीत. अक्षर गिरवून घेताना जो आवाज असायचा त्याच आवाजात म्हणालात, "जसं देलं तसं पोचवायचं. खोटं बोलनं पाप हाय. म्हन, तू या घरात नसतीस तरी काई अडलं नसतं." मी म्हटलं नाही. तुम्ही दंड दाबलात. मग मी म्हटलं. माझ्या आईला, तिच्या डोळ्यांत बघून, कारण तुम्ही माझी हनुवटी वर धरली होतीत. आई भाकरी उलटत होती. तिने ती उलटली, फुगू दिली, उतरवली आणि मला म्हणाली, "पोचलं मनाव त्याइले."

त्या दिवसापासून मी पत्र पोचवणाऱ्या माणसासारखी झाले. आत काय आहे ते बघायचं नाही. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी उत्तराची सुरुवात "बाबूजी म्हणतात" नाहीतर "आई म्हणते" अशी करायची. शेजारी बसणारी मैत्रीण एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुले आज कोनी निरोप देला नाई काय वं? मंग तू सोताच्या मनानं काय बोलतं, बोल नं." वर्ग हसला. मी तोंड उघडलं आणि खरंच, आत काही नव्हतं. आपल्याकडे शेजारणी येईनाशा झाल्या. गुरुवारच्या भजनाला माणसं येत, पण चहा न घेता उठत. तुमचा दुकानातला माणूसही कुजबुजत बोलू लागला. एका बाईला तुम्ही दुखवलंत आणि साऱ्यांना दुखलं. तुमचं ज्ञान खोटं नव्हतं, बाबूजी. ते खरं होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नागपूरला नेऊन परत आणलं आणि मागच्या खोलीत, त्याच आवाराकडे उघडणाऱ्या खिडकीशी खाट टाकली. आईने तुमची सेवा केली. गावात अजून नाव काढतात. तुमचं अंग पुसलं, दाढी केली, पेज गाळून चमच्याने भरवली, पाठीला फोड येऊ दिला नाही. पण ती तुमच्याशी बोलली नाही. चमचा तुमच्या ओठाशी धरून ती मला म्हणायची, "इचार त्याइले, आनखी पाह्यजे काय?" मी विचारायची. तुम्ही मान हलवायचा. ती मान बघायची आणि मला म्हणायची, "काय म्हनते?" मला तोंडाने सांगावं लागायचं. त्याशिवाय चमचा पुढे येत नसे. आणि सकाळी ती पितळेची वाटी घेऊन आवारात जायची. तुमच्या खिडकीसमोर, तुमच्याकडे पाठ करून बसायची आणि मुंग्यांशी बोलायची. किती बोलायची! माहेरचं, बाजाराचं, माझ्या शाळेचं, आंजीच्या तिच्या मेलेल्या भावाचं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं ती मुंग्यांना सांगायची, मऊ आवाजात, मधेमधे हसून. तुम्ही उशीवरून बघत असायचा. तुमच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायचं आणि मी ते पुसायची.

एका दुपारी ती तुमच्या खाटेजवळ जमिनीवर बसून कणीक चाळत होती. मी तुमच्या पायांशी होते. तुमच्या घशात काहीतरी घरघरलं. तुम्ही डावा हात उचललात, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि खूप कष्टाने, लाळेसकट, एक शब्द बाहेर आला. "अवं." तुम्ही तिला पूर्वी तशीच हाक मारायचा, त्या गुरुवारच्या आधी. माझ्याकडे बघितलंही नाहीत. निरोप नव्हता तो. सरळ तिला होता. चाळणी थांबली. तिने ऐकलं, बाबूजी. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. पुन्हा तुम्ही म्हणालात, "अवं." तिने माझ्याकडे पाहिलं, चाळणी पुन्हा हलवायला घेतली आणि म्हणाली, "कोन बोललं पाह्य बरं वं? मुंग्या असतीन."

त्यानंतर तुम्ही प्रयत्न केला नाहीत. थोड्याच दिवसांनी गेलात. ती रडली नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना तेव्हा बाया तिला म्हणाल्या, काही राहिलं असेल तर बोलून टाक, तुझं ऐकतील. ती लांब उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू सांग त्याइले, काई राह्यलं नाई." मी सांगितलं. जसं दिलं तसं.

आता मी बोरगाव मेघेला राहते. आई माझ्याकडेच आहे. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई साधे आहेत, मोठ्याने बोलतात, मोठ्याने भांडतात आणि विसरतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला न विचारता त्यांच्या बहिणीला सांगून टाकलं की सुट्टीभर आम्ही तिकडे येतो. एवढंच. मला राग आला आणि मी गप्प झाले. ठरवून नव्हे. ते आपोआप आलं, शिंक यावी तसं. ते विचारत राहिले, "अवं, झालं काय? बोल नं. शिव्या दे, पन बोल." मी भांडी घासत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या नातीला म्हटलं, "बाबांना विचार, डबा नेणार का?" ती अजून शाळेतही जात नाही. अशी उड्या मारत गेली आणि अशी छाती काढून परत आली! "बाबा म्हणते, हो." मग माझ्यासमोर उभी राहिली, हात मागे बांधून, पुढच्या निरोपाची वाट बघत. ती उभं राहण्याची तऱ्हा माझी होती. आणि दारात तांदूळ निवडत बसलेली आई तिला म्हणाली, "नीट सांगत जा वं बाई. जसं देलं तसं."

मी थिजले, बाबूजी. पण थांबले नाही. आजही बोललेले नाही. तुम्ही मुंगीपासून माझ्यापर्यंत जी तार दाखवली होती ती हीच असेल, तर तिच्यातून काय वाहत आलं ते मी बघते आहे. आणि एक गोष्ट तुम्हालाच सांगता येते, कारण ती तुम्हाला ठाऊक असणार. यात गोडी आहे. काल त्यांनी ताट अर्धं टाकून हात धुतले, त्यांचा चेहरा पडलेला होता, आणि माझ्या आत काहीतरी साखरेसारखं विरघळलं. तुम्हालाही असंच होत होतं ना?

हे लिहीत असतानाच पोर दारात आली. धापा टाकत म्हणाली, "बाबा विचारते, तू त्यांच्यावर किती दिवस रागावणार?" मी म्हटलं, "तू नको सांगत जाऊ आता. त्यांचं ते बोलतील, माझं मी बोलेन." तिचा चेहरा असा उतरला की जणू मी तिच्या हातातलं खेळणं काढून घेतलं. ओठ काढून ती रडायला लागली. आतून आई ओरडली, "काऊन रडवतं वं तिले?"

हे पत्र मी कोणाबरोबर पाठवू? या घरात निरोप पोचवणारं एकच माणूस होतं आणि त्याला मी आत्ताच कामावरून काढलं. तुमचे जावई बाहेर पायरीवर बसले आहेत. खिडकीतून त्यांची पाठ दिसते. त्यांना दोन शब्द पुरले असते, आणि ते टाळण्यासाठी मी तुम्हाला एवढं लिहीत बसले.